उर्दूच्या कपाटात राहिलेलं आपलं

रत्नागिरी,
१८ जून

प्रिय मुली,


तुझं पत्र परवा मिळालं. पीएच.डी.चा विषय ठरवायची वेळ आली आहे, गालिब घ्यावा की इक्बाल यात जीव अडकला आहे, आणि ‘बाई, तुम्हाला काय वाटतं?’ असं तू विचारलं आहेस. तुझ्या विभागात उर्दूचे जाणकार आहेत, त्यांचा शब्द माझ्याहून वजनाचा. मी जन्मभर मराठी शिकवलं, उर्दू लिपी शिकले ती निवृत्तीनंतर. पण अशा उशिरा आलेल्या वाचकाला जे दिसलं ते तुला सांगावंसं वाटतं.

गालिबवर लिहिणाऱ्यांची उणीव नाही. मुंबईतच कालिदास गुप्ता रजा यांनी त्याच्यामागे आयुष्य वेचलं आणि १९८८ साली त्याचा सगळा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, कालक्रमानं लावून दिला. इक्बालची तर वेगळी कपाटंच असतात. त्या वाटांना तू गेलीस तर चांगलंच लिहिशील. पण उर्दूच्या थोर अभ्यासकांनी आपल्या मराठीविषयी, आपल्या मुलखाविषयी आणि इथल्या माणसांविषयी जे लिहून ठेवलं, त्याच्याकडे कोणी वळत नाही. उर्दू वाचकाला ते लेखन दुय्यम वाटतं आणि मराठी वाचकाला लिपी येत नाही. दोन्हीकडून ते राहून गेलं. माझं ऐकशील तर तिथे हात घाल.

मौलवी अब्दुल हक यांचं नाव तू शाळेपासून ऐकलं आहेस. उर्दू जगत त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतं. पण हा माणूस औरंगाबादेत, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात, कितीतरी वर्षं राहिला हे आमच्या मराठीच्या प्राध्यापकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं ठाणं १९३८ साली दिल्लीला गेलं, तोवर औरंगाबादेत होतं. ‘उर्दू’ नावाचं त्यांचं त्रैमासिक १९२१ साली तिथूनच सुरू झालं. मुल्ला वजहीचं ‘सबरस’ १६३५चं. दखनी, म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या उर्दूतल्या, गद्याचा हा मोठा ग्रंथ विस्मृतीतून वर काढून अब्दुल हकांनी छापला. एवढं काम अंगावर असताना त्यांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावाचा अभ्यास केला. ‘मरहटी जबान पर फारसी का असर’ हे त्यांचं छोटेखानी पुस्तक १९३३ साली अंजुमननं काढलं. हाच प्रश्न आपल्याकडे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी जुन्या पत्रांमधले शब्द मोजून हाताळला होता, माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली आला होता. दोन्ही बाजूंचे विद्वान एकाच काळात एकाच प्रश्नाशी झटत होते. ही पुस्तकं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचावीत, एवढीच माझी इच्छा आहे.

त्यांचा एक लेख मला त्याहून जवळचा आहे. ‘चंद हम-असर’ या पुस्तकात त्यांनी आपल्या काळातल्या माणसांची शब्दचित्रं लिहिली. त्यात हाली, मोहसिन-उल-मुल्क यांच्यासारखी नामवंत माणसं आहेत, आणि त्याच पंगतीत नामदेव माळी आहे. हा नामदेव बीबी का मकबऱ्याच्या बागेतला माळी, समाजानं अस्पृश्य ठरवलेल्या जातीत जन्मलेला. बाग अब्दुल हकांच्या देखरेखीखाली होती आणि त्यांचं राहणंही त्याच आवारात होतं. घरासमोरचा बगीचा त्यांनी नामदेवाकडे सोपवला होता. टेबलासमोर मोठी खिडकी, आणि लिहिता लिहिता मान वर केली की तो कामात गढलेला दिसायचा. एखाद्या रोपाचं आळं साफ करायचा, पाणी घालायचा, मग चारी बाजूंनी त्याला न्याहाळायचा, चार पावलं मागे सरून पुन्हा बघायचा आणि स्वतःशीच हसायचा. त्याला मूलबाळ नव्हतं, ही झाडंच त्याची लेकरं. एका वर्षी पावसानं दगा दिला, विहिरी आणि बारवा आटल्या. बाकीची बाग सुकली, पण नामदेवाचा बगीचा हिरवा राहिला, कारण तो लांबून घडा घडा पाणी डोक्यावरून आणत होता. अब्दुल हकांनी बक्षीस देऊ केलं, ते त्यानं घेतलं नाही. आपल्या पोरांना जगवण्याचं कसलं बक्षीस, असं त्याचं म्हणणं. पुढे तो शाही बागेत गेला आणि तिथे मधमाश्यांच्या मोहोळानं त्याचा जीव घेतला. बाकीचे माळी पळाले, हा कामात बुडालेला होता.

उर्दू शाळेतली मुलं हा लेख पाठ्यपुस्तकात वाचतात. तूही वाचला असशील. मराठी शाळेतल्या मुलाच्या कानावर हा औरंगाबादचा नामदेव कधी पडत नाही. व्यक्तिचित्रांचा एवढा अभिमान बाळगणारी आपली भाषा, आणि आपल्याच मातीतल्या माणसाचं इतकं देखणं चित्र शेजारच्या भाषेत टांगलेलं आपल्याला माहीत नाही. मला याची खरोखर खंत वाटते.

आता दुसरं नाव घे. अठराव्या शतकातल्या शाह तुराब चिश्ती यांनी दखनीत ‘मन समझावन’ लिहिलं. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांचा आदर्श पुढे ठेवून, मनालाच हाक घालून लिहिलेलं हे काव्य दक्षिणेत, तमिळ मुलखात जन्मलं. तंजावरच्या मराठी राज्यामुळे रामदास तिथवर पोचले होते, एका सूफीनं ते ऐकले आणि आपल्या भाषेत आपल्या परीनं सांगितले. हैदराबादच्या डॉ. सैयदा जाफर यांनी १९६४ साली त्याची संपादित आवृत्ती काढली. पुढे ज्ञानचंद जैन यांच्याबरोबर त्यांनी १७०० सालापर्यंतच्या उर्दू साहित्याचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि त्यांचं नाव त्या इतिहासाशी जोडलं गेलं. ‘मन समझावन’ मागे राहिलं. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात आणि फारसी-उर्दूतलं मुतकारिब यांची चाल एकच, ‘फऊलुन’ चार वेळा. तू लहानपणी वर्गात मनाचे श्लोक म्हटले आहेस आणि उर्दूचं वृत्तशास्त्रही शिकली आहेस. हे काव्य कानानं पारखायला तुझ्याहून योग्य कोण आहे?

मुंबईत तर तुझ्या हाताशीच खाण आहे. अंजुमन-ए-इस्लामची उर्दू संशोधन संस्था १९४७ सालची. नजीब अशरफ नदवींसारखा संशोधक तिथे होता, आणि ‘नवा-ए-अदब’ हे तिचं नियतकालिक १९५० पासून निघू लागलं. त्याचे जुने अंक काढून नुसत्या अनुक्रमणिका वाच. डॉ. मैमूना दळवी यांचं ‘बंबई में उर्दू’ १९७० साली आलं. ते वाचल्याशिवाय एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचं चित्र पुरं होत नाही असं मी म्हणेन. मुहम्मद इब्राहीम मकबा या कोकणी मुन्शींनी १८२३ साली ‘तुहफा-ए-एल्फिन्स्टन’ हे हिंदुस्तानीचं व्याकरण मुंबईत छापलं, आणि त्याच हातानं मराठीचंही व्याकरण लिहिलं. डॉ. यूनुस अगासकर यांनी ‘मराठी अदब का मुताला’ लिहून आपलं साहित्य उर्दू वाचकांपुढे मांडलं. आमच्या साहित्याकडे शेजारी कसं बघतो हे आम्ही त्यातून वाचायला हवं होतं, आणि वाचलं नाही.

आपल्याकडूनही पूल बांधले गेले, ते विसरू नकोस. सेतुमाधवराव पगडींनी गालिब मराठीत आणला. श्रीपाद जोशी आणि डॉ. निजामुद्दीन गोरेकर यांचा उर्दू-मराठी शब्दकोश १९६८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढला. त्याच्याच बळावर मी उर्दू वाचू लागले. नागपूरच्या डॉ. जरीना सानी आणि डॉ. विनय वाईकर यांनी ‘आईना-ए-गझल’ हा कोश तयार केला. आपल्या जिल्ह्यातले बदीउज्जमाँ खावर तर गझल दोन्ही भाषांत लिहीत. पण कोश हाती आले, कविता अनुवादित झाली, आणि अभ्यासकांचं गद्य मात्र पलीकडेच राहिलं. लोकांना शेर हवा असतो, शेरामागे राबलेल्या माणसाचे कष्ट सहसा कोणी मागत नाही.

हे लेखन हरवलं कसं, तेही ध्यानात घे. फाळणीच्या दंगलीत दिल्लीच्या अंजुमनची नासधूस झाली, अब्दुल हक कराचीला गेले आणि १९६१ साली तिथेच वारले. त्यांचं औरंगाबाद कोणी जपायचं, हा प्रश्न अधांतरी राहिला. शिवाय जुनी उर्दू पुस्तकं कातिबाच्या, म्हणजे सुलेखनकाराच्या, हातची, शिळाछापावर काढलेली. साल बहुधा मुखपृष्ठावर किंवा शेवटच्या पानावर, आणि फाटतात तीही आधी हीच पानं. मग पुस्तक असतं, पण ते कधीचं हे सांगता येत नाही.

म्हणून तुला एक काम आत्ताच सांगते, विषय कुठलाही घेतलास तरी. आपल्या राजिवड्यात, मिरकरवाड्यात, खाडीकाठच्या गावांतून कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांची उर्दू पुस्तकं, मासिकं फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेली आहेत. कोकणचा पावसाळा कागदाचा वैरी. दमट हवेनं पानं चिकटतात, कसर लागते, वाळवी लागली तर गठ्ठाच जातो. ईदेला घरी येशील तेव्हा घरोघर जा. पुस्तक मागू नकोस, घरातल्यांसमोरच उघड. मुखपृष्ठ, पहिलं पान आणि शेवटचं पान यांचे फोटो घे. कोऱ्या पानावर कोणाची सही, तारीख, गावाचं नाव असेल तर तेही टिपून घे, कारण कुठल्या गावात काय वाचलं जात होतं हे त्यावरूनच कळतं. चिकटलेली पानं ओढून सोडवू नकोस, ओल असेल तर सावलीत वाऱ्यावर ठेवायला सांग, उन्हात नको. आता ‘रेख्ता’ या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं पानोपान बघायला मिळतात, तिथे आपल्याला मिळालेलं आधीच आहे का ते पडताळून घे. शोधताना ‘मराठी’बरोबर ‘मरहटी’ असंही घालून बघ.

आपल्या गावाला ग्रंथसंग्रहाचा वारसा आहे. इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं. याच जिल्ह्यात पालगडला साने गुरुजी जन्मले, ज्यांनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं आणि ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही लिहिलं. भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात असं ते कळवळून सांगत. तू घरात कोकणी बोललीस, शाळेत उर्दू शिकलीस, बाजारात आणि माझ्या वर्गात मराठी. गुरुजींना जे शिकवून घडवायचं होतं ते तुला आपसूक मिळालं आहे. दोन्ही लिप्या सारख्याच वेगानं वाचणारी तुझ्यासारखी माणसं कमी होत चालली आहेत. इंग्रजी शाळेत जाणारी आपली नातवंडं यातलं काय वाचतील, हा विचार मला छळतो.

तेव्हा असं कर. प्रबंधाचं नाव, आराखडा, मार्गदर्शकांची संमती हे सगळं होत राहील. आधी नामदेव माळी मराठीत आण. दहा-बारा पानांचं काम आहे. मराठी मी तपासून देईन, लाल शाईची भीती आता तुला नसावी. मग ‘नवा-ए-अदब’च्या अंकांतून मराठीशी संबंध असलेल्या लेखांची यादी कर. ती यादी हातात आली की विषय कोणता घ्यायचा हे तुला कोणाला विचारावं लागणार नाही. गालिबवर आणखी एक प्रबंध झाला नाही म्हणून गालिबचं काही अडायचं नाही. या लेखांना मात्र दुसरं कोणी विचारणारं नाही, आणि ते वाचल्यावाचून आपली मराठी स्वतःला पुरती ओळखणार नाही.

अम्मींना माझा सलाम सांग. उत्तराची वाट बघते.

तुझ्या,
बाई