राहिलेली इच्छा

नाशिकच्या रामकुंडावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की नातलग हात जोडून आश्वासने देऊ लागतात: ‘धाकटीचे लग्न करू’, ‘आईला सांभाळू’. गेलेल्याची इच्छा ओळखण्यासाठी एवढी धडपड करणारे आपण, ती जिवंतपणी विचारणे मात्र अभद्र मानतो. शेवटच्या आजारातील उपचारांविषयीचे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ग्राह्य ठरवले. २०२३ पासून त्यावर दोन साक्षीदारांची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची स्वाक्षरी पुरते. हे वाचल्यावर मी आईजवळ विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, “नळ्या नकोत. घरी, माणसांत असू दे.” थोरल्या भावाला ते अजून पटलेले नाही, परंतु तिचे म्हणणे त्याने तिच्याच तोंडून ऐकले आहे.