कोरड्या दगडाची परीक्षा

दगडावर झिलई चढवतात, असे आपण सहज बोलून जातो. भांड्याला कल्हई चढते, दागिन्यावर सोन्याचा मुलामा चढतो, तशी दगडावरही चमक चढत असावी, असा त्या बोलण्यामागे समज असतो. जास्परच्या बाबतीत तरी तसे काही नाही. त्यावर काहीही चढत नाही. प्रत्येक पायरीला उलट काहीतरी उतरते, आणि उतरण्यासारखे उरले नाही की दगड चमकू लागतो. मोठा ओरखडा मध्यम ओरखड्याने घालवायचा, मध्यम बारीकाने, आणि बारीक इतका बारीक करायचा की डोळ्याला तो ओरखडा म्हणून दिसूच नये. खरबरीत पाठीवर पडलेला उजेड दाही दिशांना उधळतो म्हणून ती भुरकट दिसते, आणि सपाट झालेल्या पाठीवरून तोच उजेड एका वाटेने परत येतो. झिलई म्हणतात ती एवढीच.

जास्पर हे नाव परके आहे, दगड मात्र आपल्या पायाखालचा आहे. सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचे आपले बहुतेक पठार लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाचे. त्या पाषाणाच्या भेगांत आणि पोकळ्यांत पुढे गारेच्या जातीचे दगड साकळले. स्फटिक, अकीक, जास्पर ही सगळी त्याच घरची भावंडे. अकीक उजेडासमोर धरला तर कडेने थोडा प्रकाश झिरपतो, जास्परमधून झिरपत नाही. त्याच्या पोटात लोह आणि इतर द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून तो लाल, विटकरी, पिवळा, तपकिरी, कधी हिरवा दिसतो. आमच्याकडची पोरे त्याला सरसकट गारगोटी म्हणतात आणि त्यात फारसे चूक नाही. कठीणपणा मोजण्याची जी दहाची पट्टी आहे, तिच्यात तो साडेसहा ते सातवर बसतो. चाकूच्या पात्याने त्यावर रेघ उमटत नाही, पात्यालाच धातूचा माग सोडावा लागतो.

प्रवरेच्या पात्रात हे गोटे पुष्कळ. नेवाशाचे नाव घेतले की वारकऱ्याचे हात आपोआप जुळतात, कारण शके १२१२ मध्ये माउलींनी तिथे गीतार्थ सांगितला आणि ते ज्याला टेकून बसले तो पैसाचा खांब अजून उभा आहे. पण त्याच प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी उत्खनन केले, हे आपल्यातल्या थोड्यांना ठाऊक असते. नदीच्या दगडगोट्यांच्या थरांत त्यांना अश्मयुगातल्या माणसाची हत्यारे सापडली. त्यांत जास्परची, चर्टची छिलके काढून केलेली हत्यारे होती. त्या माणसाने दगड फोडला आणि धार काढली. घासून चमकवला नाही, त्याला त्याची गरज नव्हती. मी तरुणपणी पैसाच्या दर्शनाला जात असे तेव्हा हे कोणी सांगितले असते, तर निरूपणात खचित आणले असते. ज्या भूमीत मराठी वाणीला एवढे तेज आले, तिथल्या वाळूतला गोटासुद्धा माणसाच्या हाताला हजारो वर्षांपासून ओळखीचा आहे.

आवाजाने साथ सोडल्यावर मी कीर्तन थांबवले. आता सकाळी नदीकडे जातो आणि येताना दोन-चार गोटे धोतराच्या सोग्यात बांधून आणतो. नातवाने घासायचे यंत्र घेतले आहे. रबराचा जाड अस्तर असलेला डबा, खाली दोन फिरते रूळ आणि एक लहानशी मोटर, याहून त्यात काही नाही. एका वेळी दीड किलो दगड बसतात. डबा पाऊण भरायचा. कमी भरला तर दगड उंचावरून एकमेकांवर आपटून टवके उडतात, गच्च भरला तर हलतच नाहीत. दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली राहील एवढे पाणी आणि जाडसर पूड, ती बाजारात सिलिकॉन कार्बाइड म्हणून मिळते, चार मोठे चमचे. पुडीला आकडे असतात आणि ते उलटे चालतात. आकडा लहान तितकी पूड जाड. पहिली ६०-९० ची, दुसरी १२०-२२० ची, तिसरी ५०० ची, आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पिठासारखी पांढरी पूड.

प्रत्येक पुडीला साधारण सात दिवस, रात्रंदिवस. नातवाने हा हिशेब सांगितला तेव्हा मला हसू आले. म्हटले, अरे, हा तर अखंड हरिनाम सप्ताह! सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारा बदलला तरी गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जायची, जमिनीला टेकायची नाही. या यंत्राचेही तसेच आहे. मध्येच बराच वेळ बंद ठेवले तर आतला राडा तळाशी बसून घट्ट होतो. रात्री पडवीतून त्याची घरघर येते. पहिल्या दोन रात्री झोप लागली नाही, पुढे तीच घरघर थांबली की जाग येऊ लागली. पहिला सप्ताह कधीकधी दोन किंवा तीन सप्ताहांचा होतो. जास्पर चिवट आहे, आणि आकार, खाचा, कडा यांचा निकाल पहिल्याच पुडीत लागला पाहिजे. तिथे राहिलेली खाच पुढची कोणतीही पूड भरून काढत नाही. पुढच्या पुडी तिला फक्त चकचकीत खाच करतात.

आणि प्रत्येक सप्ताहानंतर धुणे. या कामात सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे ते हेच. गोटे, डबा, झाकणाची खोबण, सगळे ब्रशने घासून वाहत्या पाण्याखाली धुवायचे. आधीच्या जाड पुडीचा एखादा कण जरी पुढच्या डब्यात शिरला, तरी तो आठवडाभर प्रत्येक गोट्यावर रेघा ओढत फिरतो. म्हणून जाणती माणसे शेवटच्या पुडीसाठी डबाच वेगळा ठेवतात. धुतलेला गाळ मोरीत ओतायचा नाही, तो नळीत बसून सिमेंटासारखा थिजतो. आमच्याकडे परसात एक खड्डा केला आहे. भेगाळलेले गोटेही आधीच वेगळे काढावे लागतात, कारण भेगेत दडलेली पूड कितीही धुतली तरी निघत नाही आणि ऐनवेळी बाहेर येते. कठीण आणि मऊ दगड एका डब्यात टाकायचे नाहीत. जास्परबरोबर अकीक चालतो, कारण दोघे सारख्याच ताकदीचे. एखादा मऊ खडा त्यांच्यात गेला तर तो झिजून नाहीसा होतो आणि दोघांनाही काही देत नाही.

दृष्टांत देण्याची हाताला सवय आहे, म्हणून इथे थोडे सावध बोलतो. दगड आणि टाकीचा दृष्टांत आम्हा कीर्तनकारांच्या झोळीत कायमचा. घाव सोसले म्हणून देवपण आले, हे सांगताना टाळकरी मान डोलावतात आणि श्रोत्यांनाही बरे वाटते. पण डब्यातल्या गोट्यांना कोणी कारागीर घाव घालत नाही. ते एकमेकांना घासतात. पूड मधे असते, पाणी मधे असते, पण घासणारा गोटा गोट्यालाच. एकट्याला डब्यात टाकून महिनाभर फिरवले तर तो नुसता आपटत राहील. दिंडीत चालताना माणूस जसा सुधारतो तो याच रीतीने, असे मला वाटते. कोणी महाराज त्याला घडवत नाही. शेजारी चालणाऱ्याचा हट्ट, मुक्कामी तंबूतली जागा, पाण्याच्या टँकरपुढची रांग, पंगतीत आधी कोण बसणार, यातून त्याच्या कडा जातात. ज्यांनी वारी केली आहे त्यांना हे सांगायला नको.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. ओला जास्पर नेहमी सुंदर दिसतो. नदीतून काढलेला, अजून काहीच न केलेला गोटासुद्धा पाण्यात ठेवला की लालभडक, रसरशीत दिसतो, कारण पाणी त्याच्या बारीक खळग्यांत भरून पाठ तात्पुरती सपाट करते. म्हणून या कामात परीक्षा ओल्याची घेत नाहीत. गोटा काढायचा, पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दिव्याखाली तिरका धरून बघायचा. दिव्याचे प्रतिबिंब कडेपर्यंत स्वच्छ दिसले तर झाले. ओला असताना चमकला आणि वाळल्यावर मंद पडला, तर पुढची पूड टाकण्यात अर्थ नाही, मागच्या पुडीकडे परत जायचे. शेवटच्या पुडीने चमक आली नाही म्हणून तीच पूड आणखी चार दिवस फिरवत बसणारे पुष्कळ असतात. दोष तिथे नसतोच. तो एक-दोन पायऱ्या मागे, ५०० च्या किंवा त्याही आधीच्या पुडीत राहून गेलेला असतो.

आषाढात आपण सगळेच ओले असतो. पाऊस बाहेर आणि नाम आत. वाखरीच्या रिंगणात ज्याच्याकडे पाहावे तो उजळलेला. मी पन्नासावर वर्षे त्या गर्दीत उभा राहून बोललो आणि त्या उजेडावर बोलणे सोपे असते, हे मला ठाऊक आहे. हल्ली तर ध्वनिक्षेपकात आवाज घुमवायची सोय असते, कोणाचाही आवाज ओल्या दगडासारखा चमकतो. पण भाद्रपदात, कुळवाच्या मागे, भावकीच्या वादात, तलाठ्याच्या ओट्यावर तो उजेड किती राहिला, हे कोणी विचारत नाही. गोरोबाकाकांनी मडक्यासारखी संतांची डोकी थापटून कच्चे-पक्के ठरवल्याची कथा आपण सांगतो. तेही कोरड्या मडक्याचीच परीक्षा करत होते, ओले मडके थापटून काय कळणार?

या चमकेची दुसरी बाजू मी खंभातला पाहिली. बडोद्याच्या मराठी मंडळींनी सप्ताह ठेवला होता, तिथून एका यजमानांनी मला तिकडे नेले. खंभातचे अकीकाचे काम फार जुने. जवळच्या लोथलला चार हजार वर्षांपूर्वीचा मणी घडवण्याचा कारखाना उत्खननात सापडला आहे. अकीकाचा कच्चा माल भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून येतो आणि तिथे बाबा घोर यांच्या दर्ग्याला कारागीर मान देतात. एका म्हाताऱ्या कारागिराने मला बसवून काम दाखवले. जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी सळई, तिच्या टोकाला दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. टवका सळईच्या बाजूने उडतो. झिलईची जुनी रीतही त्याने सांगितली. चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड, अकीकाची बारीक भुकटी आणि पाणी घालून तोंड आवळायचे, आणि खोलीच्या दोन टोकांना दोन माणसे बसून ती पिशवी पायांनी एकमेकांकडे लोटत राहायची, दहा-पंधरा दिवस. आमच्या नातवाचे यंत्र म्हणजे तीच पिशवी, फक्त पाय विजेचे.

सांगताना तो दर दोन वाक्यांना खोकत होता. त्याच्या घरातली दोन माणसे छातीच्या दुखण्याने गेली होती. दगड कोरड्या चाकावर घासला की गारेची भुकटी उडते, ती डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि त्याच्या मागोमाग क्षय लवकर धरतो. खंभातच्या अकीक कारागिरांत तो मोठ्या प्रमाणावर आढळल्याचे वैद्यांनी नोंदवले आहे. काम घराघरांत चालते, त्यामुळे चाकावर न बसणाऱ्या बायका-मुलांच्या छातीतही तीच भुकटी जाते. त्या म्हाताऱ्याने मला एक लाल मणी दिला. मी तो घेतला, पण देव्हाऱ्यात ठेवायला मन होईना. कपाटात आहे.

म्हणून मागच्या महिन्यात नातू कोणाकडून तरी कापायचे ग्राइंडर मागून आणून अंगणात कोरडाच जास्पर घासू लागला, आणि तुळशीवृंदावनावर विटकरी थर दिसला, तेव्हा मी त्याला तिथेच थांबवले. आवाज नाही उरला, पण तेवढा निघाला. तो म्हणाला, आबा, तोंडाला रुमाल बांधतो. मी म्हटले, रुमालातून ती जाते. घासायचे असेल तर पाण्यात घास, नाहीतर घासू नकोस. आता तो मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पाण्याखाली हाताने ओल्या कागदावर घासतो, २२०, ४००, ६००, १००० अशा क्रमाने, आणि शेवटी चामड्याच्या तुकड्यावर पांढऱ्या पुडीची लपटी लावून. वेळ चौपट लागतो. तो कुरकुरतो, मी ऐकतो. यंत्रातल्या दगडांची गोष्ट निराळी, तिथे सगळे पाण्यातच असते.

शेजारच्या एका माउलीने विचारले, यांची माळ ओवू का? मी म्हटले, तुळशीची आहे ना गळ्यात? तिला झिलई लागत नाही, घाम लागतो.

सध्या डब्यात तिसरा सप्ताह चालू आहे. काल एकादशी होती, फराळ झाल्यावर आम्ही दोघांनी डबा उघडला, गोटे धुऊन फडक्यावर पसरले आणि वाळेपर्यंत वाट पाहिली. लाल सगळे चांगले आले आहेत. एका पिवळ्याला पोटाशी अजून खाच दिसते. त्याला परत पहिल्या पुडीत टाकायचे तर आणखी महिना जाणार, म्हणून नातू म्हणतो राहू द्या. मी तो गोटा बाजूला काढून खिडकीत ठेवला आहे, आणि आमचे अजून ठरलेले नाही.