पायाखालचा बर्फ

नॉर्वेच्या दक्षिण भागात तेलेमार्क नावाचा प्रांत आहे आणि त्यात मोर्गेदाल नावाचे एक लहानसे खोरे. उतारावर विखुरलेली लाकडी घरे, सूचिपर्णी वृक्षांची काळसर दाटी आणि मार्च महिन्यातही गुडघ्याइतका बर्फ, याहून अधिक तेथे फारसे काही नाही. ओस्लोला लेकीकडे गेलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांना जावईबापूंनी तेथे नेले, ते सोंद्रे नोरहाइम याचे घर दाखवण्यासाठी.

१८२५ साली जन्मलेला हा गरीब कूळ. विलोच्या पिळलेल्या डहाळ्या टाचेभोवती घेऊन तो बूट स्कीला अशा रीतीने बांधी की पाऊल सुटू नये, परंतु टाच मात्र उचलता यावी. १८६८ साली, चाळिशी उलटल्यावर, आजच्या ओस्लोत झालेल्या स्पर्धेत तो जिंकला आणि मोकळ्या टाचेची ही पद्धत पुढे त्याच्या प्रांताच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९५२च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत त्याच्याच घरातील चुलीवर पेटवली होती.

परंतु मोकळ्या टाचेला एक दुखणे चिकटलेले आहे. टाच उचलली की बूट आणि स्की यांच्यामध्ये फट पडते. तीत बर्फ शिरतो, पुढच्या पावलासरशी दाबला जातो, आणि शेकडो पावलांनंतर त्याचा दगडासारखा गोळा होतो. बर्फाने असे चिकटून गोळा होण्याला नॉर्वेजियन भाषेत 'क्लाबे' असे स्वतंत्र क्रियापदच आहे. कडाक्याच्या थंडीतील कोरडा बर्फ फारसा चिकटत नाही. शून्य अंशाच्या आसपासचा, नुकताच पडलेला ओलसर बर्फ मात्र फार त्रास देतो.

त्या दिवशी तो तसाच होता. जावईबापूंनी उबदार ओसरीतून स्की उचलल्या आणि तडक बर्फात टेकवल्या. उबदार धातूला लागून बर्फ वितळला, लगेच गोठला, आणि त्यावर थरावर थर चढले. अर्ध्या तासात ते परतले, तेव्हा उजव्या पावलाखाली दोन बोटे उंचीचा गोळा होता, डाव्या पावलाखाली काहीच नव्हते. एक पाय अकस्मात लांब झाल्यासारखे चालणे. गुडघा आणि कंबर दोन्ही कुरकुरू लागली होती.

आमच्या मुक्कामाच्या घराचे मालक सत्तरी पार केलेले होते. त्यांनी फारसे न बोलता आपल्या स्की दाखवल्या. आदल्या रात्री कोरड्या पुसलेल्या, सकाळी न्याहारीपूर्वीच बाहेर भिंतीला टेकवून गार केलेल्या. बूट जेथे टेकतो त्या पट्टीवर गुळगुळीत चिकटपट्टी लावलेली आणि वर मेणाचा हात फिरवलेला. स्कीवर चढण्यापूर्वी काठीच्या मुठीने बुटाचा तळ ठोकायचा. वाटेतही थांबून पाहायचे, आणि गोळा दिसला तर तो लाकडी काडीने काढायचा. सुरीने नव्हे, तिने पट्टी खरवडते आणि खरवडलेल्या जागी बर्फ अधिकच धरतो.

हे सारे मी कौतुकाने ऐकत होते, आणि तेथेच माझे चुकले. माझी थोरली बहीण, आमची आक्का, स्कीच्या वाटेला गेलीच नव्हती. ती केवळ मोटारीपासून दारापर्यंत चालत आली. बुटाच्या तळव्यावरील खाचा तेवढ्यात बर्फाने भरून सपाट झाल्या होत्या. उबदार दगडी फरशीवर पाऊल पडताच त्या बर्फावर पाण्याचा पापुद्रा आला आणि आक्का घसरली. हात टेकला म्हणून डोके वाचले, मनगट मात्र मोडले. बाहेरच्या बर्फात तिचा हात धरून चालणारी मी, उंबरठ्यावर थर्मास घेण्यासाठी तो सोडून दिला होता. 'जपून हं' असे मी दिवसभर म्हणत होते. तिचे तळवे एकदाही पाहिले नव्हते.

आपण मुलांकडे थंड देशात जाणार असाल, तर दारात पाठ असलेली खुर्ची, लांब दांड्याची शिंगटी आणि एक खराटा ठेवायला सांगा. बर्फ बाहेरच झाडावा, बसून बूट काढावेत. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे तिकडे मिळतात. निसरड्या रस्त्यावर ते उत्तम, परंतु फरशीवर तेच घसरतात, म्हणून आत येण्यापूर्वी काढावेत. आणि उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडले, तर प्लास्टरवर थांबू नका. उतारवयात तो ठिसूळ हाडांचा इशारा असू शकतो. हाडांच्या घनतेची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आक्काची तपासणी पुण्यास परतल्यावर झाली आणि औषध सुरू करावे लागले.

निघण्याच्या दिवशी मालकांनी तिला खुर्ची लावलेल्या पाय-घसरगाडीवर बसवून मोटारीपर्यंत नेले. मी मागून खराटा घेऊन चालले होते.