वडी पाडली, साबणाची!

साबण घरी होतो! गेला दीड महिना भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. तयार ठोकळा वितळवून साच्यात ओततात तो नव्हे, थेट तेलापासून केलेला. आपल्या ओट्यावर, गॅस न पेटवता!

तेलं वजन करून घ्यायची, कारण प्रत्येक तेलाला कॉस्टिक सोडा वेगळा लागतो. खोबरेलाला ग्रॅममागे साधारण 0.18 ग्रॅम, ऑलिव्हला 0.135, एरंडेलाला 0.13. इथे वाटी-चमच्याचं माप चालत नाही, वजनकाटाच हवा. मी खोबरेल 300 ग्रॅम, ऑलिव्ह 150 आणि एरंडेल 50 घेतलं, त्याला सोडा 77 ग्रॅम, पाणी 170. पूर्ण हिशेबापेक्षा सोडा पाचेक टक्के कमीच ठेवला. तेवढं तेल साबणात तसंच राहतं आणि अंग कोरडं पडत नाही.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या, मुलं दुसऱ्या खोलीत. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमला सोडा खातो. ढवळायला लागले आणि साध्या नळाच्या पाण्याचं भांडं बघता बघता हात लावता येईना इतकं तापलं!

सोड्याचं पाणी कोमट झाल्यावर तेलात ओतलं, हँड ब्लेंडर फिरवला. आधी पिवळसर, पारदर्शक तेल. मग ते गढुळलं. मग ताकासारखं, मग कढीसारखं. थांबून थांबून फिरवत होते. ब्लेंडर उचलला, त्यावरून ओघळलेली धार पृष्ठभागावर पडली आणि बुडाली नाही! रेघ तशीच वर राहिली. याला ट्रेस म्हणतात. ती रेघ मी कितीतरी वेळ बघत बसले. तेल आता तेल राहिलं नव्हतं, सोडा सोडा राहिला नव्हता. दोघांचा मिळून साबण आणि ग्लिसरीन होत होतं. हे ग्लिसरीन कारखान्यात बरेचदा वेगळं काढून घेतात, आपल्या वडीत मात्र ते सगळं राहतं.

साच्यात ओतून जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलं. रात्री हात लावला तर साचा आतूनच ऊबदार! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातमोजे घालून सुरीने वड्या पाडल्या, नारळाच्या पाडतो तशाच. सात निघाल्या. कापताना चीजसारखी मऊ, गुळगुळीत धार. मग त्या लोणच्यासारख्या मुरत ठेवायच्या, चार ते सहा आठवडे, हवेशीर जागी. पाणी उडतं, वडी कडक होते, अंगाला सौम्य लागते.

शेजारच्या वहिनींनी विचारलं, विकणार का? मनापासून विकायचाय! पण विक्रीसाठी करायचा तर सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. लोकांच्या अंगाला लागणारी वस्तू आहे. त्याची चौकशी सुरू केली आहे. तोवर घरच्यांना आणि मैत्रिणींना भेट.

छत्तिसाव्या दिवशी पहिली वडी पाण्याखाली धरली. दोनदा हातात फिरवली आणि पांढराशुभ्र, दाट फेस मनगटापर्यंत! वास कसलाच नाही, नुसता स्वच्छ. मी आईला हाक मारली, तिने हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

आता कॅलेंडर समोर घेऊन बसले आहे. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी बरोबर दीड महिना. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी घाणा घालायचा, या वेळी दुप्पट, हळद घालून. अभ्यंगस्नानाला घरातल्या प्रत्येकाच्या पाटाजवळ माझ्या हातची वडी.