पंख्याआडचा तंगूस

वसईच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ऑगस्ट महिन्याची निराळीच ओढ असते. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. ती उठण्याच्या सुमारास होड्यांना रंग लागतो, जाळी उन्हात येतात, धर्मगुरू येऊन होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि वर्षभराच्या आशा पुन्हा एकदा पाण्यात ढकलल्या जातात. आशीर्वाद झाला, टाकीत इंधन भरले, दोरी ओढली आणि इंजिन बोलू लागले की होडीविषयीचे आपले कर्तव्य संपले, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. ती समजूत एका हिरव्या धाग्याने दूर केली. त्या धाग्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांची चूल अजूनही अशाच एखाद्या लहानशा इंजिनावर पेटते.

आमच्या धाकट्या बंधूंची होडी लहान, फायबरची. तिच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले आऊटबोर्ड इंजिन. अशा इंजिनाचे डोके पाण्याच्या वर असते, त्यातून एक उभा दांडा खाली उतरतो, पाण्याखाली गिअरची छोटी पेटी असते आणि त्या पेटीतून मागे निघालेल्या आसावर पंखा फिरतो. आपण डोक्याची काळजी घेतो, कारण ते दिसते आणि आवाज करते. पाण्याखालची पेटी मुकाट्याने काम करीत असते, म्हणून तिची आठवण कुणाला होत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातील गोष्ट. पौर्णिमेचे उधाण होते. बंधू, त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि आम्ही असे तिघे संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी जाळे ओढून परत निघालो होतो. ओहोटीला जोर चढला होता. अचानक खालून करकर असा आवाज आला, होडीला एक हिसका बसला आणि त्यानंतर इंजिन नुसतेच घुमू लागले; होडी तसूभरही पुढे सरेना. उधाणाच्या ओहोटीपुढे दोन वल्ह्यांचे काय चालणार? किल्ल्याची काळी तटबंदी आमच्या डोळ्यांदेखत मागे मागे जाऊ लागली. बंधूंनी नांगर टाकला. तो चिखलात फरफटला, पुन्हा फरफटला आणि मग कुठे तरी रुतला. होडीत जीवरक्षक जाकीट एकच होते. बंधूंनी ते एक शब्दही न बोलता मुलाच्या अंगात घातले. आम्ही अंधारात पवित्र रोझरीची माळ चाचपडत बसलो. एकेक मणी सरकत होता आणि नांगराची दोरी ताणून किरकिरत होती. दोन तासांनी गावचीच एक मोठी होडी परतताना दिसली. तिने आम्हांला दोरी लावून बंदरात आणले.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले. त्यांनी गिअरपेटीच्या तळाचा स्क्रू सैल केला. आधी स्वच्छ पाणी गळले आणि मागोमाग दुधट, तपकिरी असे काही तरी बाहेर आले. मेस्त्री आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, हा चहा कुणी ओतला?” ते गिअरचे तेल होते. पाणी मिसळले की ते असे चहासारखे होते. पेटीच्या आत बेअरिंगवर गंज चढला होता आणि गिअरचे दात झिजून तुटले होते. मग त्यांनी पंखा उतरवला. पंखा आणि पेटी यांच्यामध्ये, आसाभोवती, करंगळीएवढ्या जाडीचे एक कडे बसले होते. तंगुसाचे कडे! घट्ट आवळलेले, जागोजागी वितळून एकजीव झालेले. नखाने ओढताच त्याचे एक टोक सुटून आले. ते हिरवे होते.

ते हिरवे टोक पाहताच आमच्या छातीत धस्स झाले. बंदीच्या आधी, मे महिन्याच्या सुटीत, आम्हीच पुतण्यासाठी हिरव्या तंगुसाची एक रीळ बाजारातून आणली होती. घरात दुसऱ्या कुणाकडे त्या रंगाचा तंगूस नव्हता. त्या सुटीत खडकात गरी अडकली की आम्ही चाकूने तंगूस कापीत असू आणि गुंतलेले तुकडे सहज पाण्यात भिरकावीत असू. एवढ्या मोठ्या समुद्राला वीतभर धाग्याचे काय ओझे, असे तेव्हा वाटे.

पुढे काय घडले ते मेस्त्रींनी समजावून सांगितले. फिरता पंखा पाण्यातला धागा स्वतःकडे ओढून घेतो. धागा पात्यांवर राहत नाही. तो पंख्याच्या पुढच्या अंगाने सरकत आसाभोवती जाऊन बसतो आणि प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक आवळला जातो. घर्षणाने तो तापतो. आस जेथे पेटीतून बाहेर येतो तेथे रबराचे ऑइल सील असते. तेल आत राखायचे आणि पाणी बाहेर ठेवायचे, हे त्याचे काम. आवळलेला तंगूस त्या सीलच्या ओठाखाली घुसतो आणि त्याला चिरतो. आस फिरत असताना थोडे थोडे तेल गळते. मग इंजिन बंद होते, तापलेली पेटी पाण्यात निवते, आतली हवा आकसते आणि त्या चिरेतून पाणी आत ओढले जाते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. इंजिन पूर्वीसारखेच सुरू होते, पूर्वीसारखेच बोलते.

आमच्या होडीत मे महिन्यात शिरलेले खारे पाणी जून आणि जुलै असे दोन महिने पेटीच्या तळाशी बसून राहिले आणि पोलाद खात राहिले. ऑगस्टमध्ये होडीला आशीर्वाद मिळाला तेव्हा बाहेरून रंग ताजा होता. आत गंज चढलेला होता.

दुरुस्तीत त्या हंगामाची बरीचशी कमाई गेली. भावजयीने मुलाच्या बारावीच्या शिकवणीसाठी वेगळी काढून ठेवलेली रक्कमही तिच्यात गेली. तिने तक्रार केली नाही. पण डबा उघडून पैसे मोजून देताना तिने मान वर केली नाही, हे आम्ही पाहिले. तीन दिवस आम्ही कुणाला काही बोललो नाही. धागा कुणाचा, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे कशाला, अशी आम्ही आमच्या मनाची समजूत घालीत होतो. चौथ्या दिवशी रविवार होता. मिस्साच्या आरंभी आपण कृतीने आणि कर्तव्य टाळल्याने घडलेल्या पापांची कबुली देतो. ते शब्द त्या दिवशी आमच्या तोंडून पुरते फुटेनात. घरी येताच बंधूंना बाजूला घेऊन सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दादा, तंगूस तुझा असेल, पण वर्षभर पंखा न काढणारा हात माझाच.”

त्या दिवसापासून आमच्या घरी काही नियम झाले. ते मेस्त्रींकडून आणि अनुभवातून शिकलेले आहेत. ज्यांच्या घरी असे इंजिन आहे त्यांच्या उपयोगी पडतील, म्हणून येथे देत आहोत.

पहिला नियम पंखा उतरवण्याचा. जाळी आणि गळ यांच्या पाण्यात रोज वावरणाऱ्या होडीचा पंखा महिन्यातून निदान एकदा काढून आस पाहावा. धाग्यावरून गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी काढावा. काढण्यापूर्वी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये ठेवावे, इंजिन थांबवणाऱ्या सुरक्षादोरीची क्लिप काढावी आणि स्पार्क प्लगच्या वायरी सोडाव्यात, म्हणजे हात पंख्यावर असताना इंजिन चुकूनही सुरू होणार नाही. पाते फिरू नये म्हणून मध्ये लाकडाचा ठोकळा द्यावा. मग पिन सरळ करून काढावी, नट सोडावा आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. आस पुसून, तंगुसाचा तुकडा दिसल्यास तो हलक्या हाताने काढून, समुद्री वापराचे ग्रीस लावून पंखा परत बसवावा. जुनी वाकवलेली पिन पुन्हा वापरू नये. पिनेची किंमत ती काय! पंखा पाण्यात गळून पडला तर मात्र किंमत कळते.

दुसरा नियम तेलाचा. इंजिन रात्रभर उभे ठेवावे, म्हणजे पेटीतले पाणी तळाशी बसते. सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्यावेत. आधी पाणी आले किंवा तेल दुधट दिसले, तर त्या दिवशी होडी पाण्यात नेऊ नये. मेस्त्री पेटीत बेताच्या दाबाने हवा भरून, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे पाहून गळती कुठे आहे ते सांगू शकतात. सील वेळीच बदलले तर खर्च थोडक्यात आटोपतो. बंदीच्या काळासाठी होडी वर ओढण्यापूर्वी ही तपासणी करून तेल बदलावे. ऑगस्ट उजाडण्याची वाट पाहू नये. नवे तेल खालच्या छिद्रातून भरावे आणि ते वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे, म्हणजे आत हवा राहत नाही. दोन्ही स्क्रूंचे छोटे वॉशर नवे घालावेत.

तिसरा नियम पाण्यावरचा. जाळे ओढताना किंवा गळ वर घेताना इंजिन न्यूट्रलमध्ये असावे. दुसऱ्याच्या जाळ्याचे बोये दिसले की वळसा घालावा. धागा पंख्यात गेलाच, तर इंजिन ताबडतोब बंद करून वर उचलावे आणि धागा कापून काढावा; मागेपुढे चालवून सोडवण्याच्या नादात तो अधिकच आवळतो. आसावर बसवायची धागा कापणारी धातूची कडीही काही इंजिनांसाठी मिळते. तिने मदत होते. पण कडी बसवली म्हणून पाहणी सोडणे शहाणपणाचे नाही. होडीत जितकी माणसे तितकी जाकिटे, हा नियम इंजिनाचा नाही; पण तोही आम्ही त्याच रात्री शिकलो.

चौथा नियम आमच्यासाठी आहे. होडीत आता झाकणाचा एक पत्र्याचा डबा असतो. कापलेला तंगूस, कितीही आखूड असो, त्या डब्यात जातो.

आमच्या आजोबांच्या पिढीची जाळी सुताची आणि तागाची असत. ती टिकावीत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवीत; तरी ती कुजत. पाण्यात पडलेला धागा पाणीच संपवून टाकी. अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार झाले आणि न कुजणारा धागा माणसाच्या हाती आला. त्याने कोळ्यांचे कष्ट निश्चितच हलके केले. परंतु जो गुण जाळ्यात उपकारक ठरतो, तोच टाकलेल्या तुकड्यात घातक होतो. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाला जाते आणि उथळ खाडीत भरती-ओहोटीबरोबर पुन्हा उचलले जाते. त्यात खेकडे अडकतात, पाखरे अडकतात आणि कुणाचा तरी पंखा अडकतो. कृत्रिम धाग्याची जाळी आणि प्लॅस्टिक जहाजांवरून समुद्रात टाकण्यास १९८८ च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय करारानेही बंदी घातलेली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वीला आपले सामाईक घर मानून तिची निगा राखण्याची हाक दिली. आम्हांला त्या हाकेचा अर्थ ग्रंथातून कळण्याआधी एका हिरव्या कड्यातून कळला. टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी वाटेवर जाऊन पडते. या खेपेस ती आपल्याच भावाच्या वाटेवर पडली, एवढेच.

प्रभू येशूने याकोब आणि योहान यांना हाक मारली तेव्हा ते आपल्या पित्याबरोबर तारवात बसून जाळी नीट करीत होते, असे शुभवर्तमान सांगते. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली. पण त्यांच्या हातातल्या त्या कामाकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. मासळी पकडताना नव्हे, तर दुरुस्ती करताना त्यांना बोलावणे आले.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुतण्या पंखा काढतो. तो आता चांगला मोठा झाला आहे आणि होडी तोच चालवतो. आस पुसून झाला की तो आम्हांला हाक मारतो, “दादाबाबा, बघून जा.” आम्ही चष्मा लावून वाकून पाहतो. बहुधा काही नसते. कधी एखादा पांढरा धागा निघतो, आमचा नसलेला. पुतण्या तो मुकाट्याने डब्यात टाकतो आणि पंखा परत बसवतो.