तुये ते तुई

स्पेन आणि पोर्तुगालच्या हद्दीवर, मिन्यो नदीच्या काठी, तुई नावाचं एक लहानसं शहर आहे. नकाशात ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा आम्ही दोघी हसत सुटलो. कारण आम्ही दोघी तुयेच्या. पेडणे तालुक्यातलं आमचं तुये, शेजारी पार्से, खाली शापोरा नदी आणि पलीकडे बार्देशात उतरवणारी कामुर्लीची फेरीबोट. "पळय गो, आमचें तुयें!" मैत्रीण फोनवर ओरडली आणि आमच्या सहलीचा मार्ग तिथेच ठरला. लिस्बन, पोर्तो, तुई, व्हिगो, माद्रिद. दहा दिवस, आणि सगळा प्रवास रेल्वेने.

मैत्रीण तीन वर्षांपासून लिस्बनला नोकरी करते. तिच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं, हे गोव्यात घराघरात ठाऊक आहे. आमच्याही घरी कपाटात त्या कागदांची एक फाईल आहे. बाबांचा जन्म १९५९चा. माझ्या धाकट्या भावाला तिकडे जायचंय, पण त्यासाठी आधी बाबांनी आपली नोंद करायला हवी. बाबा फाईल काढतात, बघतात आणि परत ठेवतात. मी निघाले तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, नीट बघून ये."

आमच्या पिढीला रेल्वे म्हणजे कोकण रेल्वे. १९९८ साली हा मार्ग पूर्ण झाला, तोही पेडण्याच्या बोगद्यापायी रखडत. इथली माती इतकी मऊ की खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं. २०२०च्या ऑगस्टमध्ये याच बोगद्याची भिंत कोसळली आणि २०२४च्या जुलैमध्ये आत पाणी शिरून गाड्या थांबल्या. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे कुणी रेल्वेने येणार म्हटलं की आई आधी बोगद्याची चौकशी करते.

तुम्हाला एक गंमत सांगते. युरोपात बहुतेक ठिकाणी दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर असतं. पोर्तुगाल आणि स्पेनचे जुने मार्ग मात्र १६६८ मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज १६७६. म्हणजे पेडण्याच्या आणि पोर्तोच्या रुळांत जेमतेम आठ मिलिमीटरचा फरक!

लिस्बनच्या सांता अपोलोनिया स्टेशनवर तिकीट काढताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "जनेला?" मला पोर्तुगीज येत नाही, पण उत्तर लगेच सुचलं. खिडकीला आमच्याकडे अजून जनेलच म्हणतात. पाव, चावी, पगार हे शब्दही तिकडूनच आपल्याकडे आले. त्यांचे अर्थ तिथे गेल्यावर कुणाला विचारावे लागत नाहीत.

लिस्बन ते पोर्तो सुमारे तीन तास. लांब पल्ल्याच्या गाड्या पोर्तोत कांपान्या स्टेशनवर थांबतात. तिथून लोकल पकडून गावात सांव बेंतु स्टेशनला जायचं. हे स्टेशन चुकवू नका. प्रवेशाच्या दालनात भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, जवळजवळ वीस हजार. त्यांवर लढाया आहेत, राजे आहेत, शेतकरी आहेत. त्या रंगवणाऱ्या चित्रकाराचं नाव जॉर्ज कुलासो. ते नाव वाचून मी थबकले, कारण पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या फरशाही त्याच्याच. शाळेच्या सहलीत आम्ही दोघी त्या भिंतीला पाठ लावून भेळ खायला बसलो होतो आणि शिक्षकांनी आम्हाला उठवलं होतं. पोर्तोत मात्र आम्ही त्या फरशांसमोर तासभर उभ्या राहिलो. लोकांच्या गाड्या येत होत्या, जात होत्या.

पोर्तोहून व्हिगोला जाणारी गाडी दिवसातून दोनदाच असते. हद्दीवरचं शेवटचं पोर्तुगीज स्टेशन वालेंसा. आम्ही तिथे उतरलो. गावाला चांदणीच्या आकाराचा भक्कम तट आहे आणि तटावरून खाली नदी दिसते, पलीकडे टेकडीवर तुई, आणि मध्ये १८८६ साली बांधलेला लोखंडी पूल. त्याला दोन मजले आहेत. वरून रेल्वे जाते, खालून रस्ता. आम्ही पाठीवर सामान घेऊन खालून चालत निघालो.

पुलावर आमच्यासारखेच पाठीवर सामान घेतलेले पुष्कळ लोक होते. कुणाच्या पिशवीला मोठा शिंपला बांधलेला. हे सांतियागोचे वारकरी म्हणायला हरकत नाही. सांतियागो द कोंपोस्तेलाला पायी गेल्याचं प्रमाणपत्र मिळायला निदान शंभर किलोमीटर चालावं लागतं. तुईहून अंतर त्याहून थोडं जास्त भरतं, म्हणून बरेचजण इथूनच चालायला लागतात. पंढरीची वाट चालणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पुलाच्या मध्यावर देश बदलला. १९९५ सालापासून या हद्दीवर पासपोर्ट बघायची पद्धत उरलेली नाही. बदललं ते फक्त घड्याळ. स्पेन एक तास पुढे. मैत्रीण म्हणाली, "चल गो, उशीर झाला," आणि पुढे चालू लागली. मी मात्र जराशी मागे राहिले. मला आजीची आठवण आली होती.

आजीचं माहेर आरोंदा. तेरेखोलच्या पलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला. १७८८ साली पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि ती नदी हद्द झाली, तरी सोयरिकी तशाच चालू राहिल्या. मग १९५५ साल आलं. पंधरा ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने गोव्याची नाकेबंदी केली, ये-जा परवान्यावर आली. आजीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, ते झालं नाही. बाबा आरोंद्याऐवजी तुयेला जन्मले. आजीच्या आईने नातू पाहिला तो गोवा मुक्त झाल्यावर, तो दोन-अडीच वर्षांचा असताना. आणि आजीला सलणाऱ्या त्याच बाळंतपणाचा दाखला आज आमच्या फाईलमध्ये वर ठेवला आहे. लिस्बनमध्ये किंमत आहे ती त्यालाच.

तुईत एका लहानशा हॉटेलात उतरलो. स्पेनमध्ये प्रत्येक पाहुण्याची नोंद घेतात. मुलीने दोन पासपोर्ट शेजारी ठेवले, एक तांबडा, एक निळा. दोन्हींवर जन्मस्थान वाचलं आणि विचारलं, "एकाच ठिकाणच्या?" मैत्रीण म्हणाली, "हो. आमच्या गावाचं नावसुद्धा तुये." तिला ते इतकं आवडलं की तिने आतून आईला बोलावून आणलं.

रात्री किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या तिथल्या कॅथेड्रलजवळ बसलो होतो. समोर नदीपलीकडे वालेंसाचे दिवे. मी तिला सरळ विचारलं, "बरं चाललंय ना गो तुझं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पगार चांगला आहे. रात्री उशिरा एकटी घरी येते, भीती वाटत नाही. आईच्या औषधांचं बघता येतं. पण गेल्या पंचायत निवडणुकीत आमच्या प्रभागात चुलत काका उभा होता, आणि मी त्या दिवशी गावात असून घरी बसले होते. मतदार यादीत माझं नावच नाही. घरातली सगळी गेली, मी चहा करून ठेवला."

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्डावर येता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. त्या चहाचं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

"मग परत यावंसं वाटतं?" मी विचारलं.

"चतुर्थीला वाटतं," ती म्हणाली. "पगाराच्या दिवशी नाही." आणि आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी चालत वालेंसाला जाऊन व्हिगोची गाडी धरली आणि तोच पूल वरच्या मजल्यावरून ओलांडला. व्हिगोहून माद्रिद चार-साडेचार तास. वाटेत एके ठिकाणी गाडी अगदी हळू होते, कारण जुना रुंद मार्ग संपून नवा अरुंद वेगवान मार्ग लागतो आणि चाकांमधलं अंतर चालत्या गाडीत बदलतं. ही गाडी माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवर येते. दक्षिणेकडच्या गाड्या अतोचावरून सुटतात. अतोचाच्या जुन्या दालनात ताडामाडांची बाग केली आहे, वेळ काढून बघा. घरच्यांना घेऊन जाणार असाल तर स्पेनमधल्या वेगवान गाड्यांचं आरक्षण आधी करा, आणि त्यांच्यासाठी सामान तपासतात, म्हणून स्टेशनवर अर्धा तास आधी पोहोचा.

माद्रिदहून ती लिस्बनला गेली, मी मोपाला उतरले. घरी भावाला फोटो दाखवले, पगाराचं सांगितलं आणि चहाचंही. बाबा ऐकत होते. त्यांची काजूची बाग, देवळातला मान, पंचायतीतली भांडणं, सगळं तुयेत आहे. भाऊ बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मी तिकडे शिकायला व्हिसावर जातो. जमलं तर राहीन. पण बाबांनी यादीतून नाव काढायचं नाही."

बाबांनी फाईल पुन्हा कपाटात ठेवली. त्यातला जन्मदाखला तेवढा बाहेर काढला, आणि आजीच्या फोटोमागे खोचून ठेवला.