परदेशीं भोगलेला दंड

राजदंड भोगलेला अपराधी निर्मळ होतो, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. मूळांत 'राजांनीं' असें बहुवचन आहे. आम्हां संस्कृत शिकविणारांस त्यांत परका राजाहि सामावलेला दिसतो.

परवां इंदापूरचा एक जुना विद्यार्थी बारामतीस मजकडे आला. त्याचा धाकटा भाऊ आखातांत तुरुंग भोगून परतला. आतां येथेंहि खटला होईल काय, या घोरानें मातोश्रींचें अन्नपाणी सुटलें आहे. मीं त्यास धीर दिला, खात्री दिली नाहीं. राज्यघटनेच्या २० व्या कलमान्वयें एकाच अपराधाबद्दल दोनदां खटला चालवून शिक्षा देतां येत नाहीं. शिवाय परदेशांतील गुन्ह्याबद्दल नागरिकावर येथें खटला चालविण्यास केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. मेख आहे ती 'एकाच' या शब्दांत. दुसरा खटला मी समजूं शकतों. पहिला तुरुंग हिशेबांतच न धरणें मला अन्यायाचें वाटतें.

नटी मोनिका बेदी यांना बनावट पारपत्राबद्दल पोर्तुगालांत शिक्षा झाली होती. पुढें खोट्या नांवानें पारपत्र मिळविण्याच्या कटाबद्दल हैदराबादेस खटला झाला. हे अपराध निराळे, असें २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. शिक्षा मात्र तोंवर भोगलेल्या मुदतीइतकीच ठेविली.